अकराव्या तासाचा मजूर

निकड आणि जिवापाड धडपड सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आणताना आपण त्यांतली घाई तेवढी उचलतो. ‘इलेव्हन्थ अवर’ म्हणजे ऐनवेळी, ‘लास्ट डिच’ म्हणजे अखेरचा प्रयत्न, ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’ म्हणजे जिवाचे रान करणे. हे प्रतिशब्द चूक नाहीत. आजच्या इंग्रजी वृत्तपत्रालाही याहून अधिक काही सुचवायचे नसते. पण मुळाशी गेले की या तिघांत घाईपेक्षा वेगळेच काही होते असे दिसते.

‘स्टॉप’ हा शब्द ऑर्गनचा. खटका बाहेर ओढला की नळ्यांचा एक संच वाजू लागतो. पायपेटीच्या दर्शनी भागावरचे दट्टे ज्यांनी ओढले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मॅथ्यू अर्नोल्डने 1865च्या ‘एसेज इन क्रिटिसिझम’च्या प्रस्तावनेत ही प्रतिमा वापरली. आधुनिक इंग्रज माणूस हे दमदार पण सुरांनी तोकडे वाद्य आहे. त्याचे आणखी काही खटके ओढू पाहणे लोकांना आवडत नाही, असा त्याचा रोख होता. त्याची तक्रार आवाज कमी असल्याची नव्हती, सुरांचे वैविध्य नसल्याची होती. आजच्या वाक्प्रचारात सगळे खटके एकदम ओढले जातात. वैविध्य गेले, दणदणाट उरला.

‘लास्ट डिच’ची कथा 1672ची. फ्रेंच फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या होत्या. देश बुडाला हे दिसत नाही का, असे विचारल्यावर तरुण विल्यम ऑफ ऑरेंजने उत्तर दिले, की ते पाहावे लागू नये याचा एक खात्रीचा उपाय आहे: शेवटच्या चरात लढता लढता मरणे. बिशप बर्नेटने ही हकिकत नोंदवली आहे. म्हणजे तो चर बचावाची शेवटची युक्ती नव्हता. पराभव पाहायला जिवंत राहणार नाही, असा निर्धार होता. आज सामन्याच्या शेवटच्या षटकातली फटकेबाजीही ‘लास्ट डिच’ ठरते.

‘इलेव्हन्थ अवर’ची झीज सर्वांत अर्थपूर्ण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून मजूर आणतो. सूर्योदयापासून बारा तास मोजले, तर अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे सुमारे पाच. त्या वेळीही काही जण नाक्यावर उभेच असतात. का उभे, असे विचारल्यावर ते सांगतात, की आम्हाला कोणी कामावरच घेतले नाही. धनी त्यांनाही दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी देतो आणि बाकीचे कुरकुरतात. तेव्हा अकराव्या तासाचा मजूर चालढकल करणारा नव्हे, काम न मिळालेला आहे. वाक्प्रचाराने त्याची वेळ ठेवली आणि त्याची मजुरी विसरली.

हाच दृष्टान्त दुसऱ्या वाटेने आपल्याकडे आला. त्यातल्या धन्याच्या शब्दांवरून जॉन रस्किनने 1860मधल्या आपल्या चार निबंधांना ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव दिले. गांधीजींनी 1904मध्ये जोहान्सबर्ग-दरबान प्रवासात ते पुस्तक वाचले आणि 1908मध्ये गुजरातीत त्याचे सार लिहिताना नाव दिले ‘सर्वोदय’. पुढे विनोबांनी हा शब्द गावोगाव पायी नेला. एकाच गोष्टीतून इंग्रजीला शेवटच्या क्षणाची धांदल मिळाली. आपल्याला शेवटच्या माणसाचा हक्क मिळाला.

अनुवादकाच्या दृष्टीने हा फरक कामाचा आहे. बातमीत ‘ऐनवेळी’ चालेल. पण बायबल मुखोद्गत असलेल्या वाचकांसाठी लिहिलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत तोच शब्द घातला, तर नाक्यावरचा मजूर पानावरून नाहीसा होतो. तिथे ‘दिवस मावळता मावळता’ अधिक जवळचे. त्यात उशीर आहे, शिवाय अजून थोडा उजेडही आहे.