‘कासव’ आणि आधाराची रीत

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटास २०१६ सालासाठीचे सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. तो ‘नैराश्यावरील चित्रपट’ म्हणून ओळखला जातो. ही ओळख खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. नैराश्य हे त्याचे निमित्त असून आधार कसा द्यावा, हा त्याचा खरा विषय होय.

आत्मघाताच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण जानकीला वाटेत भेटतो. ती त्याला कोकणकिनाऱ्यावरील आपल्या घरी आणते. तिने स्वतः नैराश्य भोगले आहे. तथापि त्या अनुभवाच्या बळावर ती उपदेश करीत नाही. ती त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी करीत नाही, उपकारांची जाणीवही करून देत नाही. जेवण, निवारा आणि न बोलण्याची मुभा एवढेच ती देते. शिवाय हा आधार एकट्या जानकीचा राहत नाही. गाडी चालविणारा मनुष्य, एक लहान मुलगा, कासवांच्या रक्षणास वाहून घेतलेले गृहस्थ अशी माणसे आपापल्या परीने त्यात सामील होतात. दिग्दर्शिकेने समाजकार्याचे शिक्षण घेऊन त्याचे अध्यापनही केले होते, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

शीर्षकातील प्रतिमा याच दृष्टीने पाहावयास हवी. कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परतते. माणसे त्या अंड्यांभोवती कुंपण घालतात आणि सुमारे दीड ते दोन महिने राखण करतात. पिले बाहेर आल्यावर मात्र समुद्रापर्यंतची वाट त्यांची त्यांनाच चालू द्यावी लागते. राखण करावी, परंतु चालणे हिरावून घेऊ नये, हे या कृतीचे मर्म आहे.

चित्रपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जानकीपाशी घर आहे, गाडी आहे, सवड आहे. जेथे हे काही नाही तेथे काय करावे, या प्रश्नाला चित्रपट स्पर्श करीत नाही. एकाकीपणाची कारणे समाजरचनेतही असतात, याचाही त्यात पुरेसा विचार नाही.

विद्यापीठांपुढे तर हाच प्रश्न उभा आहे. शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. तो आवश्यकच होता. परंतु समुपदेशकाच्या खोलीचे दार विद्यार्थ्याने स्वतः ठोठावावे लागते, आणि खचलेल्या मनाला नेमके तेच अवघड असते. त्या दारापर्यंत त्याला पोहोचविणारे वसतिगृहातील सोबती, खाणावळीतील ओळखीचा माणूस, रिकाम्या बाकाची दखल घेणारा अध्यापक हे कोणत्याही आदेशाने नेमता येत नाहीत. तज्ज्ञाची जागा ते घेऊ शकत नाहीत, हे खरे. पण त्यांच्यावाचून तज्ज्ञही एकटा पडतो. ‘कासव’ने या माणसांना कथेत स्थान दिले, हे त्याचे श्रेय आहे. आपल्या विद्यापीठांच्या योजनांत त्यांना अद्याप पुरेसे स्थान मिळावयाचे आहे.