‘घाशीराम’मधील नर्तन

नृत्य ही लालित्याची कला, असे आपण सहसा गृहीत धरतो. मनुष्याच्या ठायी वसणारे क्रौर्य तिच्यातून दाखवावयाचे, तर हालचालीही विद्रूपच हव्यात, असे मानले जाते. ही समजूत किती अपुरी आहे, हे विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात प्रत्ययास येते. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. संगीत भास्कर चंदावरकरांचे व नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची होती.

कसब्यातील गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. नाटकाचा प्रारंभही गणेशाच्या नर्तनानेच होतो. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग उभी असते. तीच भक्तिभावाने डोलते, तीच पाठ फिरवून भिंत बनते आणि अखेर घाशीरामाचा बळी मागणारा जमावही तीच होते. प्रेक्षक सुरुवातीस तिच्याबरोबर आनंदाने ठेका धरतो. तो ठेका कोठे नेणार आहे, याची त्याला कल्पना नसते.

येथे जर्मन नर्तक कुर्ट योस यांच्या ‘हिरवे टेबल’ या, १९३२ साली पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या व पुढे चित्रित झालेल्या युद्धविषयक नृत्यनाट्याचे स्मरण होते. त्यात मुखवटे घातलेले मुत्सद्दी टेबलाभोवती मोठ्या अदबीने वाद घालतात आणि पिस्तुले झाडतात. मग मृत्यू सैनिकांस, स्त्रियांस, निर्वासितांस एकेक करून नेतो. शेवटी तेच मुत्सद्दी पुन्हा टेबलाशी जमतात. ‘घाशीराम’मध्येही कोतवाल मरताच नाना उत्सवाचा हुकूम सोडतात आणि नाच पुन्हा सुरू होतो.

तथापि दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. योस यांचे मुत्सद्दी मुखवट्याआड असल्यामुळे प्रेक्षक स्वतःस निर्दोष मानू शकतो. तेंडुलकरांची रांग उघड्या चेहऱ्याची, शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी आहे. नाना फडणविसांची बदनामी झाली, असा आक्षेप निघून मूळ संस्थेने प्रयोग थांबविले. १९७३ साली स्थापन झालेल्या थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा रंगभूमीवर आणले. आक्षेपकांचे लक्ष एका इतिहासपुरुषाच्या अब्रूवर खिळले. नाटकाचा खरा आरोप मात्र त्या डोलणाऱ्या रांगेवर आहे, आणि म्हणूनच तो परतविणे अधिक कठीण आहे.