धोतर कुणी पाहिलं?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ 1949 सालची. त्यातल्या ‘धर्मा रामोशी’ या कथेत शिकलेला, गावाकडे आलेला तरुण म्हाताऱ्या धर्माला एक जुनं धोतर देतो. शेवटाकडे ते धोतर त्याला दिसतं ते धर्माच्या लेकीच्या अंगावर, लुगड्यासारखं नेसलेलं.

हीच गोष्ट धर्माने सांगितली असती तर? धोतर कुणासाठी हवंय हे त्याला पहिल्यापासून ठाऊक. त्याच्या सांगण्यात गरिबी आली असती, लेकीची काळजी आली असती, पण वाचकाला बसणारा तो चटका आला नसता. सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या सर्वज्ञ निवेदकाने सांगितली असती, तर झोपडीत शिरून त्याने पोरीची लाज आधीच उघडी केली असती. देणाऱ्याला मात्र आतलं काहीच माहीत नाही. धोतर दिलं, आपलं काम झालं, असं त्याला वाटतं. आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतोय, म्हणून आपल्यालाही तसंच वाटतं. आणि मग त्याच्याबरोबर आपलीही मान खाली जाते. पाहणाऱ्याला काय दिसत नाही, यावर ही कथा उभी आहे.

कथा कुणाच्या नजरेतून सांगायची, म्हणजेच दृष्टिकोन, हा विषय आपण अभ्यासक्रमावर सोडून दिला आहे. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वज्ञ असे प्रकार विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. खरं तर मराठीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न पहिल्या ओळीतच गाठतो. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे लिहिलं, की सांगणारा पुरुष आहे की बाई, ते ठरलं. तृतीयपुरुषातही सुटका नाही. सासऱ्याला ‘तो’ म्हणायचं की ‘ते’? मोलकरणीला ‘ती’ आणि मालकिणीला ‘त्या’ म्हणणारा निवेदक त्रयस्थपणाचा कितीही आव आणो, तो दिवाणखान्यात बसूनच बोलतोय हे लगेच कळतं.

भाषेचंही तेच. ग्रामीण कथेत बराच काळ संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत अशी वाटणी होती. पात्रं गावातली, सांगणारा मात्र पुण्याच्या गाडीतून उतरलेला. आनंद यादवांनी ‘गोतावळा’ (1971) ही कादंबरी सबंध तिच्या नायकाच्या, नारबाच्या तोंडून, त्याच्याच बोलीत सांगितली, तेव्हा हे अंतर मिटलं. त्याच्या कितीतरी आधी, 1890 च्या सुमारास, हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत नायिका यमूला ‘मी’ म्हणू दिलं होतं. तिचे हाल बाहेरून वर्णिले असते तर वाचक हळहळला असता आणि उठून गेला असता. यमू स्वतः बोलते, म्हणून उठून जाता येत नाही.

माझ्या मते मराठी कथेतला सर्वांत धारदार ‘मी’ मात्र बाबुराव बागुलांचा. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला दलित तरुण परमुलखात डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो. गुपित शीर्षकातच फुटलेलं. म्हणजे ‘काय लपवलंय’ ही उत्सुकता बागुलांनी आपणहून टाकून दिली. उरलं ते एकच, हे कळणार कधी? घरातली माणसं त्याला मान देतात आणि प्रत्येक मान त्याला टोचतो. ते टोचणं त्या घरात फक्त त्याला आणि आपल्याला माहीत असतं. वाचक चोरीतला साथीदार होऊन बसतो. ज्याला आयुष्यात कधी कुणी जात विचारली नाही, तोही त्या चार पानांपुरता पकडलं जाण्याच्या भीतीत जगतो. क्रियापदही नीट पाहावं. ‘चोरली होती.’ सगळं घडून गेल्यावर, मार खाऊन झाल्यावर तो बोलतोय. त्यामुळे तेव्हाचा धास्तावलेला तरुण आणि आताचा, सगळं समजून चुकलेला माणूस, दोघेही त्या एका ‘मी’त ऐकू येतात. तृतीयपुरुषात ही कथा एका अन्यायाची हकिगत झाली असती.

जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘कैरी’त मोठ्यांचं जग लहान मुलाच्या नजरेतून येतं. मुलाला दिसतं सगळं, उमगतं थोडं. उरलेलं आपल्याला उमगतं आणि तेच सोसवत नाही.

या मापाने आजची कथा मला सैल वाटते. दिवाळी अंकांची चळत वाचताना दरवर्षी हे जाणवतं. ‘मी’ने सांगितलेल्या कथा उदंड आहेत, पण तो ‘मी’ बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो. शहरातला, बऱ्यापैकी वाचलेला, स्वतःच्या मनाचा सगळा हिशोब तोंडपाठ असलेला. बायकोशी का बिनसलं हे त्याला कळलेलं असतं, वडलांचं कुठे चुकलं हेही कळलेलं असतं. त्याच्या नजरेतून काही सुटतच नसेल, तर वाचकाने शोधायचं काय? सदरं आणि फेसबुकवरच्या आठवणी यांनी ही सवय लावली असावी. तिथे ‘मी’ म्हणजे लेखक हे गृहीतच असतं. कथाकाराला ती सवलत घेता येत नाही.

अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. ‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’ हे जयंत पवारांच्या संग्रहाचं नाव नुसतं मोठ्याने म्हटलं तरी ते कुठल्या गल्लीत, कुणाच्या तोंडी जन्मलं हे कळतं. मुंबईचं गिरणगाव बघायला आलेल्या पाहुण्याला ते सुचणार नाही.

वाचकांना एक विनंती. यंदाच्या एखाद्या अंकातली ‘मी’ने सांगितलेली कथा घ्या आणि ‘मी’च्या जागी ‘तो’ किंवा ‘ती’ घालून दोन पानं वाचा. कथेचं काहीच बिघडलं नाही, तर लेखकाला तसं कळवा. ‘कथा आवडली’ असं कळवणारे पुष्कळ असतात. सांगणारा माणूस चुकला, हे त्याला कुणी सांगत नाही.