सांधा कुठे आहे?
जुन्या संग्रहालयाला नवी बाजू जोडायची म्हटली की वाद ठरलेला: ती जुन्यासारखी दिसावी की वेगळी? मी इंजिनिअर, मला आधी सांधा दिसतो.

आमच्या बडोद्याचंच बघा. सयाजीबागेतलं संग्रहालय १८९४ चं. चित्रदालन ही त्याचीच पुढची वाढ; काम १९०८ ला सुरू झालं, १९१४ ला संपलं, पण महायुद्धात युरोपातली चित्रं अडकली आणि दालन उघडलं १९२१ मध्ये. ते वेगळी इमारत म्हणून उभं राहिलं, जुनीच्या अंगावर चढलं नाही.

मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या विस्तारासाठी २०१४ साली अमेरिकन वास्तुकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. पांढऱ्या काँक्रीटचा ठोकळा, त्यात खाचा पाडून दालनांत आणलेला उजेड, आणि जुन्या-नव्याच्या मधल्या चौकात पावसाच्या पाण्याचं कुंड. १८७२ मध्ये उघडलेल्या इमारतीची नक्कल केली नाही, हे मला पटतं. उजेड गाळून घेणंही योग्यच. कागदाला नि कापडाला थेट ऊन सोसत नाही.

पण ते कुंड! पाण्याखाली सौर पेशी, वर प्रतिबिंब. दिसेल छान, प्रश्नच नाही. मुंबईची हवा मुळात दमट, त्यात चौकात कायम पाणी. जलरोधक थर कधीतरी सुटतो, आणि ओल जुन्या चुन्याच्या भिंतीत गुपचूप चढते. मला त्या देखण्या चित्रांपेक्षा कुंडाचा काठ आणि जुनं जोतं एकत्र दाखवणारा छेद बघायचाय.