हेरपटमालेतील खंड : बाँड आणि बहिर्जी

मालिकेच्या रूपाने निघणाऱ्या चित्रपटांची समीक्षा करताना आपण बहुधा निघालेल्या चित्रपटांचाच विचार करतो. एक चित्रपट संपून दुसरा येईपर्यंत जो काळ जातो तो निर्मात्याच्या हिशेबवहीत पडून राहतो. समीक्षेत त्याला स्थान मिळत नाही. सामाजिक किंवा विनोदी चित्रपटांच्या बाबतीत या उपेक्षेने फारसे बिघडत नाही. हेरपटाच्या बाबतीत मात्र बिघडते. हेराचे अस्तित्वच शत्रूवर अवलंबून असते, आणि दोन चित्रपटांच्या मधल्या काळात शत्रू बदलतो, कधी नाहीसाही होतो. अशा वेळी परत आलेल्या हेराला ‘तू इतके दिवस कोठे होतास, आणि आता कशासाठी आलास?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला असतो. या प्रश्नाला चित्रपट उत्तर देतो की तो टाळतो, यावर मालिकेचे बरेवाईटपण पुष्कळसे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासण्यासाठी जेम्स बाँडची जगप्रसिद्ध माला घ्यावी, आणि तिच्याशेजारी आपल्या बहिर्जी नाईकाला उभे करावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

बाँडपटांचा आरंभ १९६२ साली ‘डॉ. नो’ने झाला. पहिले चार चित्रपट वर्षाला एक या गतीने आले. पुढे हे अंतर दोन वर्षांवर स्थिरावले, आणि १९८९ च्या ‘लायसन्स टु किल’पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षांत, सोळा चित्रपट झाले. त्यात मोठा म्हणावा असा खंड एकच, १९७४ ते १९७७ चा. ब्रॉकली आणि साल्ट्झमन या दोन भागीदारांच्या फारकतीमुळे पडलेला. १९८९ नंतर मात्र गणित पालटते. पुढच्या बत्तीस वर्षांत अवघे नऊ चित्रपट निघाले. १९८९ ते १९९५, २००२ ते २००६, २००८ ते २०१२ आणि २०१५ ते २०२१ असे चार मोठे खंड त्यात पडले. कारणे पाहिली तर ती कलेशी जवळजवळ असंबद्धच आहेत. पहिल्या खंडाचे कारण निर्मात्यांचा चित्रसंस्थेच्या नव्या मालकांशी हक्कांवरून झालेला कज्जा, तिसऱ्याचे मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेची २०१० मधील दिवाळखोरी. चौथ्या खंडात दिग्दर्शक बदलला आणि नंतर महामारीने जगातील चित्रपटगृहांना टाळे लावले. कोणाही लेखकाने ‘आता सहा वर्षे थांबू या’ असे ठरवलेले दिसत नाही. खंड बाहेरून आले. ते आल्यावर त्यांचे काय केले, एवढेच कलावंताच्या हाती होते.

यांपैकी पहिल्या खंडाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. त्या सहा वर्षांत बर्लिनची भिंत पडली, आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच विसर्जित झाला. ज्या शीतयुद्धाच्या छायेत बाँड वाढला ते युद्ध तो घरी बसला असतानाच संपून गेले! १९९५ चा ‘गोल्डनआय’ ही गोष्ट लपवीत नाही. चित्रपटाचा पूर्वरंग सोव्हिएत काळातील एका धरणावर घडतो, आणि नंतर कथा एकदम नऊ वर्षे पुढे येते. म्हणजे प्रेक्षकाने सोसलेला खंड कथेच्या आतच ओवलेला आहे. नामावलीच्या दृश्यांत सोव्हिएत पुतळे आणि कोयता-हातोड्याची चिन्हे फोडली जाताना दिसतात. गुप्तहेर खात्याच्या प्रमुखपदी एक स्त्री आली आहे (जुडी डेंच यांची ही भूमिका पुढे फार गाजली), आणि ही बाई बाँडला त्याच्या तोंडावर सांगते की तू एका संपलेल्या युद्धाचा अवशेष आहेस. खलनायकही परका नाही. तो बाँडचाच जुना सहकारी आहे, आणि त्याचे वैर मागच्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. हा चित्रपट १९९१ मध्ये निघाला असता तर यातले काय उरले असते? कदाचित काहीच नाही. कज्ज्याने जे दिले ते कल्पकतेने दिले नसते, असे म्हटले तर निर्मात्यांचा अवमान होईल. पण ते खरे आहे.

‘स्कायफॉल’ (२०१२) या बाबतीत आणखी पुढे जातो. त्यात बाँड मेला असेच सर्वांनी धरलेले असते. तो परततो तेव्हा थकलेला आहे, नेम चुकतो, शारीरिक कसोट्यांत तो उतरत नाही. इकडे चौकशी समितीपुढे खात्याच्या प्रमुखाला हेरांची गरज आजही आहे का, याचा जबाब द्यावा लागतो. ‘नो टाइम टु डाय’ (२०२१) मध्ये पाच वर्षे लोटलेली आहेत, बाँड निवृत्त होऊन जमैकात राहतो आहे, आणि त्याचा ००७ हा क्रमांकही दुसऱ्या हेराला दिला गेला आहे. हे तीनही चित्रपट खंडाचा हिशेब देतात. म्हणून त्यांच्यातील हेर मनुष्य वाटतो.

उलट उदाहरण ‘स्पेक्टर’चे (२०१५). येथे खंड तीनच वर्षांचा. पण दोष कालावधीचा नाही. मागील तीन चित्रपटांतील सर्व दुःखांच्या मागे एकच सूत्रधार होता असे हा चित्रपट सांगतो. म्हणजे चित्रपटांच्या मध्ये जी मोकळी जागा होती, जी प्रेक्षकाने आपापल्या तर्काने भरली होती, ती लेखकाने नंतर येऊन चुना लावून बुजवली. रहस्य वाढण्याऐवजी आटले. एवढे मोठे कारस्थान आणि त्याचे मूळ बालपणीच्या हेव्यात; हे वाचकांनीच ठरवावे.

हिंदीतही असे खंड पडलेले आहेत. ‘फर्ज’ (१९६७) मधील जितेंद्रांचा एजंट ११६ ‘रक्षा’मध्ये (१९८२) पंधरा वर्षांनी परतला. ‘एक था टायगर’ (२०१२), ‘टायगर जिंदा है’ (२०१७) आणि ‘टायगर ३’ (२०२३) यांच्यात पाच आणि सहा वर्षांची अंतरे आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

या ठिकाणी एक आडवळण घेणे भाग आहे. खंडाची ही सारी चर्चा ज्या प्रेक्षकाला चित्रपट निघाल्याबरोबर पाहावयास मिळतो त्याच्या अनुभवावर आधारलेली आहे. सातारा-सांगलीकडील खेड्यांत असा प्रेक्षक दीर्घकाळ नव्हताच. जत्रेच्या दिवसांत तंबू लागे, त्यात जे चित्र येईल ते पाहावयाचे. ते यंदाचे की दहा वर्षांपूर्वीचे, मालिकेतील दुसरे की पाचवे, याची चौकशी कोणी करीत नसे. नंतरचे आधी दिसे आणि आधीचे पुढल्या जत्रेत. म्हणजे खंड येथेही होता, पण तो जत्रेपासून जत्रेपर्यंतचा, लंडनच्या कज्ज्याशी संबंध नसलेला. अशा प्रेक्षकाला क्रमभंगाचे वावडे नसते. तुटलेल्या धाग्यांची गाठ तो स्वतःच मारतो. पुढे २०२१ मध्येही थोडेसे असेच घडले. ‘नो टाइम टु डाय’ भारतात ३० सप्टेंबर रोजी प्रदर्शित झाला खरा. परंतु महाराष्ट्रातील चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरपर्यंत बंद होती, तेव्हा सहा वर्षांच्या प्रतीक्षेत इकडच्या रसिकाला तीन आठवड्यांची भर टाकावी लागली.

आता बहिर्जीकडे वळू. दिग्पाल लांजेकर यांनी २०१८ पासून शिवकालावर जी चित्रपटमाला काढली ती हेरपटांची नव्हे, युद्धपटांची आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. तथापि मराठी पडद्यावर एका हेराला एकाहून अधिक चित्रपटांत ठळक स्थान देण्याचे श्रेय तिला आहे, आणि ‘फत्तेशिकस्त’मध्ये तर लाल महालावरील छाप्याचा सारा डोलारा बहिर्जीने आणलेल्या खबरांवर उभा आहे. ‘फर्जंद’ १ जून २०१८ ला आणि ‘फत्तेशिकस्त’ १५ नोव्हेंबर २०१९ ला आला. मग महामारीचा सव्वादोन वर्षांचा खंड. त्यानंतर ‘पावनखिंड’ १८ फेब्रुवारी २०२२ ला आणि ‘शेर शिवराज’ त्याच वर्षी २२ एप्रिलला, अवघ्या नऊ आठवड्यांच्या अंतराने. ‘सुभेदार’ २०२३ चा. ज्या महामारीने बाँडला अडवले तिनेच बहिर्जीलाही अडवले. पण एक वाट पाहून म्हातारा झाला, दुसऱ्यावर तिचा ओरखडाही उमटला नाही.

याला ऐतिहासिक चित्रपटाचे स्वरूपच कारणीभूत आहे असे कोणी म्हणेल. सतराव्या शतकातील मनुष्याला एकविसाव्या शतकातील महामारीचे काय? आक्षेप रास्त आहे. पण या मालेत आणखी एक खंड आहे, तो कथाकालातला, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ‘फर्जंद’ पन्हाळ्याच्या १६७३ मधील विजयाचा; ‘फत्तेशिकस्त’ १६६३ चा; ‘पावनखिंड’ १६६० चा; ‘शेर शिवराज’ १६५९ चा; आणि ‘सुभेदार’ पुन्हा पुढे येऊन १६७० चा. म्हणजे पहिल्या चार चित्रपटांत आपण क्रमाने मागे मागे जातो. १६७३ चा बहिर्जी आपण आधी पाहतो आणि चौदा वर्षांपूर्वीचा काळ नंतर. या उलट्या प्रवासात केवढी नाट्यमय शक्यता होती! जो हेर अखेरीस इतका निष्णात दिसला तो आधी काय होता, कोणती चूक करून तो शिकला, कोणाचा जीव त्याच्या एखाद्या खोट्या खबरेपायी गेला, हे सारे मागे जाताना उलगडता आले असते. तसे होत नाही. दहा वर्षांपूर्वीचा बहिर्जीही तितकाच सर्वज्ञ, तितकाच विनोदी, वेषांतरात तितकाच तरबेज. त्याला भूतकाळ नाही.

एक गोष्ट मात्र या मालेत आपसूक उत्तम जमून गेली आहे. शिवाजी महाराजांची भूमिका या पाचही चित्रपटांत चिन्मय मांडलेकर यांनी केली; परंतु बहिर्जी ‘फर्जंद’मध्ये प्रसाद ओक होते आणि ‘फत्तेशिकस्त’मध्ये हरीश दुधाडे. राजाचा चेहरा स्थिर आणि हेराचा पालटता! नटांच्या सोयीने घडलेल्या या बदलात बहुरूप्याचे सारे तत्त्व आले आहे. चित्रपटाला त्याची जाणीव असती तर बरे झाले असते.

इतिहासाकडे पाहिले तर बहिर्जीचे चरित्र म्हणजे बहुतांशी खंडच होय. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या स्वारीच्या संदर्भात बहिर्जी जाधव या जासुदाचा उल्लेख येतो. पण त्याच्या जन्माचा, शिक्षणाचा, मृत्यूचा खात्रीलायक कागद नाही. यात नवल वाटण्याचे कारण नाही. कागद मागे ठेवणारा हेर हा फसलेला हेर. या दोन जिल्ह्यांना या गोष्टीचा अलीकडचा अनुभवही आहे. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले, ते निरोप पोचवणाऱ्या आणि आसरा देणाऱ्या असंख्य अनामिकांच्या मौनावर. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रक्कम काढून घेतली. त्यात भाग घेतलेल्यांच्या तोंडून ती हकीकत दूरच्या वाचकांपर्यंत पोचण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. ज्या घरांत ही माणसे होती तेथे गुपिताला वय असते हे कोणास शिकवावे लागत नाही. असा प्रेक्षक समोर असताना बहिर्जीच्या आयुष्यातील प्रत्येक रिकामी जागा संवादांनी आणि टाळीच्या वाक्यांनी भरून काढणे म्हणजे ‘स्पेक्टर’चीच चूक मराठीत करणे होय. तेथे तरी ती त्रेपन्न वर्षांनी झाली.

परंपरा बहिर्जीची समाधी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बाणूरगडावर दाखवते. हाच भूपाळगड. तो दिलेरखानाने १६७९ च्या एप्रिलमध्ये घेतला, त्या वेळी फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता, आणि खुद्द संभाजीराजे मोगलांच्या छावणीत होते. स्वराज्याच्या हेरखात्याला याहून अवघड प्रसंग आला असेल असे वाटत नाही. शत्रूच्या गोटातील बातमी आणावयाची, आणि त्या गोटात धन्याचाच पुत्र! कोणती खबर द्यावी, कोणती गिळावी, कोणाला द्यावी? त्या वर्षी बहिर्जी कोठे होता याविषयी कागद मुका आहे. ‘शेर शिवराज’च्या १६५९ पासून या वर्षापर्यंत वीस वर्षे होतात, एवढ्या काळात नजरबाजाचे डोळे अधू झाले असतील, वेष चढवताना हात थरथरत असतील, नव्या पोरांना त्याच्या युक्त्या जुनाट वाटत असतील. बाँडच्या मालेने २०१२ मध्ये जे केले त्याला लागणारी सारी सामग्री या एका माळावर पडलेली आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही कज्ज्याची किंवा दिवाळखोरीची वाट पाहावी लागणार नाही.