ओझं न दिसणारे ट्रक

मागच्या लेखात जस्ताच्या मिश्रधातूला आतून लागणाऱ्या गंजाबद्दल लिहिलं होतं. तो वाचून दोघा-तिघांनी विचारलं, ताई, हे सगळं ठीक आहे, पण असा धातू आमच्या घरात असतो कुठे? दाराच्या मुठीत असतो, नळाच्या तोटीच्या दांड्यात असतो आणि खेळण्यातल्या लोखंडी वाटणाऱ्या मोटारींत तर असतोच. त्या मोटारी लोखंडाच्या नसतात, जस्ताच्या असतात. आज त्यांच्याबद्दलच लिहिते आहे, पण या वेळी नुसती माहिती सांगणार नाही, टीका करणार आहे.

माझ्याकडे अशा मोटारींचा छोटा संग्रह आहे. संग्रह म्हणजे चार नग, तेही शिष्यवृत्तीतून जमले तसे. चारही एकाच जातीचे आहेत : शर्यतीच्या गाड्या शर्यतीच्या ठिकाणी वाहून नेणारे जुने ट्रक. इंग्रजीत त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात. जगभर या ट्रकांच्या मॉडेलांचे शौकीन आहेत आणि काही मॉडेलांची किंमत ऐकली तर आपल्याकडे तेवढ्यात जुनी मोटारसायकल येईल. माझी तक्रार अशी : हे ट्रक ओझं वाहण्यासाठी जन्माला आले आणि त्यांच्या मॉडेलांत नेमकं ओझंच दिसत नाही. यात थोडा दोष निसर्गनियमाचा आहे, बराचसा आपल्या नजरेचा आहे.

आधी मापाचं गणित

आमच्या नागभीडच्या लोकांना स्केल म्हणजे काय हे समजावणं सोपं आहे. नोव्हेंबर २०१९ पर्यंत आमच्या स्टेशनवर दोन मापांचे रूळ होते. गोंदिया-बल्लारशा मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची आणि नागपूरची छोटी लाइन ७६२ मिलिमीटरची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण छोटी गाडी हे मोठ्या गाडीचं मॉडेल नव्हतं. रूळ अरुंद होते, तरी आत बसणारा माणूस तेवढाच होता, त्याचं गाठोडंही तेवढंच होतं आणि त्याला लागणारी बाकाची जागासुद्धा तेवढीच होती. मॉडेलमध्ये सगळंच लहान होतं, माणूससुद्धा. गंमत (आणि अडचण) तिथे सुरू होते.

समजा १:१८ मापाचं मॉडेल आहे. लांबी १८ पट कमी झाली. दांड्याचा, पट्टीचा छेद ३२४ पट कमी झाला, कारण छेद म्हणजे क्षेत्रफळ. आणि वजन ५८३२ पट कमी झालं, कारण वजन घनफळावर चालतं. म्हणजे ताकद ३२४ पटीने घटली, पण पेलायचं वजन ५८३२ पटीने घटलं. भागाकार करून बघा : उत्तर १८ येतं. त्याच धातूचं मॉडेल स्वतःच्या वजनाच्या मानाने खऱ्या ट्रकपेक्षा १८ पट दणकट निघतं. हे गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवलं आहे.

याचा अर्थ काय? खऱ्या ट्रकवर गाडी चढली की पाटे दबतात, टायर खाली फुगतात, चढणीची फळी मधोमध लवते. मॉडेलवर चढवलेल्या गाडीने यातलं काहीच होत नाही. मॉडेलला ओझं कळतच नाही. म्हणून जो कारागीर ट्रकचं मॉडेल करतो, त्याने ओझं मुद्दाम दाखवायला हवं : पाटे किंचित बसलेले, मागचा भाग जरा खाली गेलेला, दोर ताणलेले. भरलेल्या ट्रकची मॉडेलं मी जेवढी पाहिली, त्यांतली बहुतेक भरलेली असूनही रिकाम्या ट्रकसारखी ताठ उभी असतात.

नक्कल नेमकी कशाची?

या छंदातलं सर्वांत मानाचं नाव म्हणजे मर्सिडीजचा निळा ट्रान्सपोर्टर. १९५५ च्या हंगामात तो वापरात होता. पाठीवर एकच शर्यतीची गाडी, आत ३०० एसएल या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन आणि वेग ताशी १७० किलोमीटरपर्यंत. मोडलेली गाडी शर्यतीच्या मैदानावरून कारखान्यात झटपट पोचवायची, एवढ्यासाठी तो बांधला होता. त्याच वर्षीच्या अखेरीस मर्सिडीजने शर्यती सोडल्या. फांजिओने चालवलेल्या गाड्या जपल्या गेल्या, संग्रहालयांत गेल्या. ट्रक मात्र १९६७ मध्ये भंगारात काढला. पुढे कंपनीलाच हळहळ वाटली आणि जुन्या फोटोंचा आधार घेऊन, हजारो तास खर्चून तो नव्याने बांधला.

आता सीएमसी या जर्मन कंपनीने केलेलं त्याचं १:१८ मॉडेल घ्या. पावणेसात मीटरचा ट्रक सदतीस-साडेसदतीस सेंटिमीटरमध्ये बसवला आहे. कारागिरी थक्क करणारी आहे, यात वादच नाही. एका संग्राहकाकडे मी ते हातात घेऊन पाहिलं. खरा ट्रक २१०० किलोचा होता असं धरलं तर हिशोबाने मॉडेल ३६० ग्रॅम भरायला हवं. हाताला ते त्याहून कितीतरी जड लागतं, आणि नेमक्या त्या जडपणाचं संग्राहकांना अप्रूप! ‘बघा, वजन बघा’ असं मलाही सांगण्यात आलं. म्हणजे वजन चुकलेलं आहे आणि आपण त्यालाच दर्जा म्हणतो.

दुसरी गोष्ट अशी की मूळ ट्रक आज कुठेच नाही. आज जाऊन मोजता येतो तो नव्याने बांधलेला ट्रक, आणि तोसुद्धा फोटोंवरून उभा केलेला. म्हणून दहाव्या मिलिमीटरपर्यंतच्या अचूकतेचं कौतुक करताना आपण एवढं तरी विचारावं, की अचूकता कुणाशी ताडून पाहिली? आमच्या लॅबमध्ये संदर्भाचा नमुना कोणता हे न सांगता आकडा दिला तर गाइड तो कागद परत करतात.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ब्रिटनच्या कॉर्गी टॉइज कंपनीने १९६१ मध्ये ११२६ क्रमांकाचा ट्रक काढला. स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस संघाचा गडद निळा ट्रान्सपोर्टर, खाली कार्यशाळा, वर गाड्यांचा मजला, मागे उतरणारा उतार. हे पोरांसाठी केलेलं खेळणं होतं, कपाटात ठेवायची वस्तू नव्हती. मापात ढिलाई आहे, बारकावे थोडे आहेत. पण उतार उतरतो, गाडी वर ढकलता येते, आत ठेवता येते. ट्रकने जे काम करावं ते हा ट्रक करतो. माझ्या लेखी मॉडेल म्हणून हा वरचढ आहे.

इतिहासात मात्र तोही घसरतो. या संघाचं नाव झालं ते १९५६ आणि १९५७ मध्ये ल मांसची शर्यत जॅग्वार डी-टाइप गाड्यांनी जिंकल्यामुळे. दोन्ही वेळा चालकांत रॉन फ्लॉकहार्ट होता. पण हा प्रसिद्ध ट्रान्सपोर्टर बांधला गेला त्यानंतर, १९६० च्या सुमाराला. त्याने त्या विजयी गाड्या ल मांसला नेल्याच नव्हत्या. आणि कॉर्गीने जो भेटसंच विकला, त्यात ट्रकबरोबर व्हॅनवॉल, बीआरएम आणि लोटस अशा गाड्या दिल्या. व्हॅनवॉल आणि बीआरएम हे तर वेगळेच संघ. कारण सरळ आहे, कंपनीकडे त्या गाड्यांचे साचे तयार होते! तरीही संग्राहक आज हा संच ‘पूर्ण’ असेल तरच दाम मोजतात. पूर्ण म्हणजे खोक्यातलं सगळं आहे, एवढंच. खरा ट्रक २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १८ लाख पौंडांना गेला, हेही जाता जाता सांगते.

एक उदाहरण मला मनापासून आवडतं. इटलीतल्या बार्तोलेत्तीने फियाटच्या सांगाड्यावर बांधलेला ट्रान्सपोर्टर १९५७ मध्ये मासेरातीकडे होता. पुढे तो अमेरिकन स्कॅरब संघाकडे गेला, मग शेल्बीच्या कोब्रा गाड्या वाहू लागला आणि शेवटी स्टीव्ह मॅक्क्वीनच्या ‘ल मांस’ चित्रपटात दिसला. मॉडेल कंपन्या एकाच साच्याला पाच रंग देऊन पाच वेळा विकतात, तेव्हा मी नाक मुरडते. पण हा ट्रक खरोखरच मालक बदलत, रंग बदलत जगला. इथे दुसरा रंग ही विक्रीची युक्ती नसून ट्रकचं चरित्र आहे. मालक बदलला की ट्रक पुन्हा रंगतो, पुन्हा जुंपला जातो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

खोक्यातलं अमरत्व

आता माझ्या विषयाकडे येते. ‘खोकंसुद्धा उघडलेलं नाही’ हे या बाजारातलं सर्वांत महाग वाक्य. पण जस्ताला खोकं कळत नाही. ही मिश्रधातू म्हणजे जस्त, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम. ओतताना त्यात शिसं मिसळलं, तर ते जस्तात विरघळत नाही, धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतं. मग दमट हवेत त्या सीमांवरून गंज आत शिरतो. गंजलेला पदार्थ जास्त जागा मागतो, म्हणून वस्तू फुगते, वाकते, भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा भुगा होतो. हा रोग १९२० च्या दशकात ओळखला गेला. त्यावरचा उपाय म्हणजे अतिशुद्ध जस्त वापरणं, शिसं ०.००५ टक्क्यांच्या आत ठेवणं. महायुद्धापूर्वीच्या डिंकी मोटारी यानेच फुटतात. कॉर्गीच्या काळापर्यंत कारखाने शहाणे झाले होते, म्हणून ११२६ अजून धडधाकट सापडतो.

रोग लागायचा की नाही हे ओतकामाच्या दिवशीच ठरतं. मिश्रण बिघडलेलं असेल तर खोक्यात ठेवून ते सुधारत नाही. उष्णता आणि दमटपणा फक्त वेग वाढवतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, तर जुलैत भिंतीला ओल. तेव्हा माझा सल्ला ऐका : खोकं उघडा. वस्तू बघा, कोपरे तपासा, पोरांना उतारावरून गाडी चढवू द्या. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे गाड्या धावतात, सिग्नल पडतात, म्हणून बघणारे थांबतात. चाललं की चूक दिसते, आणि दुरुस्तीही होते.

बाबांचा प्रश्न

हे सगळं मी बाबांना सांगायला गेले. बाबांनी वीस-बावीस वर्षं टाटा १२१० चालवला. गडचिरोलीकडचा बांबू भरायचा आणि मूल, चंद्रपूर करत बल्लारपूरच्या पेपर मिलला टाकायचा. त्या ट्रकच्या घराण्यात मर्सिडीजचं रक्त होतंच. १९५४ ते १९६९ टेल्कोचा डायमलर-बेंझशी करार होता. म्हणजे तिकडे निळ्या ट्रान्सपोर्टरची तयारी चालली होती, त्याच सुमारास त्याच कंपनीच्या नकाशांवरून आपल्याकडे ट्रक बनू लागले होते.

बाबांनी माझा नागपूरच्या फुटपाथवरून घेतलेला स्वस्तातला ट्रक उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “गाडी चांगली हाय बाई. पन दोर कोठी बांधतेत?”

बघितलं तर खरंच, हौद्याला एकही हूक नव्हता. मग मी फोनवर महागड्या मॉडेलांचे फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले आणि दुसरा प्रश्न विचारला, “ड्रायव्हर कोठी हाय?”

शर्यतीच्या गाडीच्या मॉडेलवर चालकाचं नाव ठळक अक्षरांत असतं. ट्रान्सपोर्टर रात्रभर चालवून ती गाडी सकाळी तिथे उभी करणाऱ्याचं नाव बहुधा कुठेच नसतं, आणि केबिनमध्ये सीट रिकामी असते. मी इतकी गणितं मांडली, पण हे दोन प्रश्न मला सुचले नव्हते. दोर आणि ड्रायव्हर, म्हणजे ओझं आणि ते वाहणारा माणूस, या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या की ट्रकचं फक्त खोकं उरतं.

बाबांचा १२१० भंगारात गेला. आमच्याकडे त्याचा एकच फोटो आहे, तोही लग्नाच्या वरातीत अर्धा आलेला. मला त्याचं १:४३ मॉडेल करायचं आहे. मापं बाबांना तोंडपाठ आहेत : हौद्याची लांबी पावलांत, बांबू मागे किती बाहेर यायचा ते हातांत, शेवटी बांधलेलं लाल फडकं. गेल्या दोन रविवारी मी ती वहीत उतरवून घेते आहे. पाटे मी बसलेलेच दाखवणार आहे, ते ठरलंय. केबिनमधला माणूस ओतायचा कसा, ते अजून जमलेलं नाही.

तुमच्या घरी, काकांकडे, शेजारी बांबूच्या किंवा लाकडाच्या ट्रकवर काम केलेलं कुणी असेल तर त्यांच्याकडून दोर बांधायची पद्धत विचारून ठेवा. गाठ कुठली, किती फेरे, आधी कुठली बाजू. पुढच्या वेळी पुन्हा लॅबमध्ये जाऊ. मीठाच्या फवाऱ्यात ठेवलेली माझी सॅम्पल महिन्याभरात कशी दिसतात, ते सांगेन.