छायाचित्रांतील स्त्री आणि महाडचें पाणी

चळवळींत उतरलेल्या स्त्रीचें छायाचित्र पाहतांना मन सहज भरून येतें. परंतु मन भरून आलें म्हणजे दृष्टि निवळतेच असें नाहीं. १९३०-३१ च्या मुंबईंतील कायदेभंगाचा, के. एल. नर्सी यांच्या नांवाचा छायाचित्रसंग्रह आल्काझी फाउंडेशननें जतन केला आहे. त्यांत स्त्रिया जागोजाग दिसतात. त्या वर्षीं मुंबईच्या स्त्रिया दुकानांपुढें निरोधन करीत होत्या, मिरवणुकींत चालत होत्या, आणि घागरी घेऊन चौपाटीवर मिठासाठीं समुद्राचें पाणी भरीत होत्या. घरांत रोज पाणी भरणाऱ्या बाईकडे कोणाचें लक्ष जात नसे. तीच घागर राजसत्तेपुढें आली आणि छायाचित्रकारांच्या नजरेंत भरली. अशा चित्रांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. स्त्रिया केवळ पाठीशीं नव्हत्या, आघाडीवर होत्या, हें तीं निःसंशय सिद्ध करतात.

परंतु चित्राला मर्यादा आहेत. सेविकांची केशरी साडी त्यांत करडीच उमटते, हें तर झालेंच. नांवही उमटत नाहीं. अवंतिकाबाई गोखले यांनीं १९३० सालीं कारावास पत्करला, हें इतिहासाला ठाऊक आहे. रांगेंतील चौथी बाई मात्र ‘सत्याग्रही स्त्री’ एवढीच उरते. शिवाय यंत्र जाई तें शहरांत, जेथें मिरवणूक आधीं ठरलेली असे आणि वर्तमानपत्रें जवळ असत.

आतां त्याच्या तीनच वर्षें मागें, आमच्या कोंकणांतील महाडास येऊं. येथेंही प्रश्न पाण्याचाच होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी घेतलें. डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली, तेव्हां न्यायालयाच्या मनाईमुळें सत्याग्रह तहकूब झाला. पण त्याच वेळीं बाबासाहेब स्त्रियांपुढें स्वतंत्र बोलले. लुगडें गुडघ्यावर नेसण्याची रीत आणि अंगावरील जड दागिने हीं जातीचीं ओळखचिन्हें आहेत, तीं टाका, असा त्यांचा उपदेश होता. स्त्रियांनीं नेसण्याची रीत लागलीच बदलली. डोळ्यांनीं पाहण्याजोगा, म्हणजे छायाचित्रास याहून योग्य असा विषय कोणता? तरीही तो प्रसंग आपल्यापुढें उभा राहतो तो वृत्तांतांच्या आणि आठवणींच्या शब्दांतून. मुंबईच्या स्त्रीला रूप मिळालें, नांव नाहीं. महाडच्या स्त्रीला बहुधा दोन्ही मिळालीं नाहींत. तळ्याचा दावा १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत जिंकला गेला. हा दुसरा दावा अद्याप उभा आहे.

त्याची बाजू कशी मांडावी, हें ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनीं १९८९ च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथांत दाखविलें. आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांकडे जाऊन त्यांनीं त्यांना बोलतें केलें, नांवानिशीं नोंदलें. यंत्रानें जें टिपलें नाहीं, तें विचारपूस करून मिळविलें.

आज चवदार तळ्यावर २० मार्चला जनसमुदाय लोटतो आणि प्रत्येकाच्या हातीं छायाचित्राचें यंत्र असतें. चित्रांचा तुटवडा संपला. विचारपुशीचा संपला नाहीं. म्हणून आमची कसोटी साधी आहे : चित्र घेणाऱ्यानें त्या बाईची अनुमति घेतली काय, आणि तिची इच्छा असल्यास तिचें नांव लिहून घेतलें काय? एवढें केलें नाहीं, तर चित्र कितीही देखणें असो, त्यांत स्त्री दिसेल, पण कोण तें कळणार नाहीं.